संध्याकाळच्या वर्गात अरबी: पाटी वाटते तितकी कोरी नसते

सप्टेंबरात आमच्या अरबीच्या वर्गात बावीस जण होते. मार्चमध्ये सात उरले. गळालेल्यांत एक सीए होता, संस्कृत घेऊन एमए झालेल्या एक बाई होत्या, तेव्हा प्रश्न बुद्धीचा नव्हता. दिवसभर नोकरी करून सात वाजता बाकावर बसणाऱ्या माणसाकडे ताकद थोडी असते, आणि ती कुठे लावायची हे पहिल्या दोन महिन्यांत कुणी सांगत नाही. मी मालवाहतुकीच्या ऑफिसात काम करते. जेबेल अली, दम्माम, सोहार ही अरब देशांतली बंदरं रोज कागदावर भेटतात, म्हणून हा नाद लागला. तीन वर्षं झाली. आज पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली तर कशी करीन, ते इथे लिहिते आहे.

नाव घालण्याआधी

पहिल्यांदा हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था तिथल्या मुत्सद्द्यांना परक्या भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी ती अरबीला ८८ आठवडे, म्हणजे २२०० तासांचा वर्ग धरते. आपला वर्ग आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. सुट्ट्या वगळून वर्षाचे ४४ आठवडे धरले तर १३२ तास. या गतीने मुत्सद्दी व्हायला सतरा वर्षं लागतील. घाबरवायला हे सांगत नाही. ‘सहा महिन्यांत फाडफाड अरबी’ अशी जाहिरात दिसली की हा भागाकार आठवावा, एवढंच. एका वर्षात नीट कष्ट केले तर स्वरचिन्हं घातलेला मजकूर वाचता येतो, स्वतःची ओळख करून देता येते, शब्दकोश वापरता येतो आणि रोजची साधी वाक्यं रचता येतात. तेवढं पुरेसं वाटत असेल तर नाव घाला.

दुसरी गोष्ट, कुठली अरबी? पुस्तकं, बातम्या, सरकारी कागद यांची भाषा सगळ्या अरब देशांत जवळपास एकच आहे. तिला फुस्हा म्हणतात. घरात, बाजारात, टॅक्सीत मात्र प्रत्येक प्रदेशाची बोली. ‘कसे आहात?’ हे फुस्हात ‘कैफ हालुक?’, आखातात ‘शलोनक?’, कैरोत ‘इज़्ज़यक?’, बैरूतमध्ये ‘कीफक?’. उच्चारही फिरतात. घशातला क़ आखातात बऱ्याच ठिकाणी ग होतो, कैरोत आणि दमास्कसमध्ये तो नुसता झटका देऊन गिळून टाकतात. कैरोवाले ज चाही ग करतात.

संध्याकाळच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी फुस्हाच शिकवतात, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, आखातात नोकरीला जायचं असलं तरी. लिपी, धातू, शब्दांची घडण हे सगळं फुस्हात स्वच्छ दिसतं, आणि नंतर बोली त्यावर चढवता येते. उलट्या क्रमाने गेलेले माझे दोन सहकारी बोलतात झकास, पण दुकानाची पाटी वाचता येत नाही. मात्र पुढच्या महिन्यात दुबईचं विमान असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि आखाती बोलीची शंभर वाक्यं पाठ करा.

तिसरी गोष्ट म्हणजे वर्ग. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे एक वर्षाचे प्रमाणपत्र वर्ग ठिकठिकाणच्या केंद्रांत चालतात. इग्नूचाही अरबीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पण तो दूरशिक्षणाचा, आणि अक्षर-उच्चाराच्या टप्प्यावर समोर माणूस हवाच. याशिवाय गल्लीगल्लीत खासगी वर्ग असतात. कुठेही पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून पाहा. शिक्षक फळ्यावर लिहितात का, की नुसतं पुस्तक वाचून दाखवतात? प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेतात का? माध्यम कुठलं? आपल्याकडे पुष्कळ शिक्षक मदरशात शिकलेले असतात आणि उर्दूतून समजावतात. हिंदी कळणाऱ्याला त्याची अडचण नाही, व्याकरणाचा त्यांचा पायाही पक्का असतो. फक्त बोलण्याचा सराव होतो का ते विचारून घ्या.

‘अरबी शिकतेय’ म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी भुवया उंचावल्या होत्या, तेव्हा हेही सांगून टाकते. वर्गात कुणी कुराण समजून घ्यायला येतो, कुणी नर्सच्या नोकरीसाठी, कुणी इतिहासाची कागदपत्रं वाचायला. लेबनॉन, इजिप्त, सीरियातले लाखो ख्रिश्चनही याच भाषेत बोलतात आणि प्रार्थना करतात. उदाहरणाची वाक्यं पुष्कळदा कुराणातली असतात, त्यामुळे ते पान असलेलं पुस्तक जमिनीवर किंवा पायाशी ठेवू नये. पुरुष शिक्षकांना ‘उस्ताद’, बाईंना ‘उस्ताज़ा’ म्हणायची पद्धत आहे. आमच्याकडे ‘सर’ही चालायचं.

पहिले तीन आठवडे: हात वळवा

अक्षरं २८, लिहायचं उजवीकडून डावीकडे. बहुतेक अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला, मधे, शेवटी आणि एकटी अशी चार रूपं घेतात. ऐकून छाती दडपते, पण मूळ आकार अठराच्या आसपासच आहेत. बाकी सगळी करामत टिंबांची. पसरट होडीसारखा एक आकार आहे. खाली एक टिंब दिलं की ‘बा’, वर दोन दिली की ‘ता’, वर तीन दिली की ‘था’. २८ पैकी १५ अक्षरांना टिंबं आहेत. म्हणून तक्ता वर्णक्रमाने पाठ करू नका, एकाच आकाराची भावंडं एकत्र गिरवा.

सहा अक्षरं हट्टी आहेत: अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव. ती आपल्या उजवीकडच्या अक्षराचा हात धरतात, डावीकडच्याला देत नाहीत. त्यामुळे शब्दाच्या मधेच फट पडते आणि नवख्याला वाटतं की शब्द संपला. ही सहा पहिल्याच आठवड्यात तोंडपाठ करा, वाचनातल्या निम्म्या चुका टळतात.

दुरेघी वही घ्या. कोणती अक्षरं ओळीवर बसतात आणि कोणाची शेपटी खाली उतरते, हे एकेरी वहीत कळत नाही. पेन साधं जेलचं चालेल. डावखुऱ्यांना एक खुशखबर: लिहिताना हात ओल्या शाईवरून जात नाही. आमच्या वर्गात सगळ्यात लवकर हात बसला तो एका निवृत्त गृहस्थांचा. ते मोडी वाचायचे. जोडून, हात न उचलता लिहायची सवय, आणि ह्रस्व-दीर्घ न दाखवणाऱ्या लिपीतून संदर्भाने शब्द ओळखायचीही.

मोबाईलवर अरबी कळफलक या तीन आठवड्यांत टाकू नका. कळ दाबली की फोन अक्षराचा आकार आपोआप जुळवतो, आणि हात आळशी राहतो.

मग आकडे. अरब जगाच्या पूर्वेकडच्या भागात जे आकडे चालतात त्यांना अरबीत ‘हिंदी आकडे’च म्हणतात. तरीही मराठी डोळ्याला ते दगा देतात. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल आहे, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. त्यांचा नऊ घाईत आपल्या एकसारखा दिसतो, सहा इंग्रजी सातसारखा. एका पत्रावरची तारीख मी ५ च्या जागी शून्य वाचून दिवसभर चुकीचा कंटेनर शोधत होते. आणि शब्द उजवीकडून वाचले तरी आकडा डावीकडूनच वाचायचा.

बोलताना मात्र एकक आधी. ख़म्सा म्हणजे पाच, इश्रून म्हणजे वीस, आणि पंचवीस म्हणजे ‘ख़म्सा व इश्रून’, पाच आणि वीस. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे अडखळतात, आपण नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जुन्या पद्धतीवर वाढलेल्यांना अरबीत त्याचा फायदाच आहे.

घसा तयार करणे

त आणि द आपले तयार आहेत, दातांना जीभ लावूनच म्हणतात. ‘जहाज’ आणि ‘जर’ म्हणताना आपण जो ज काढतो तो अरबी ज़ायच्या जवळचा आहे. अरबीत प हा वर्ण नाही. त्यामुळे पुणे ‘बूना’ होतं आणि पेप्सी ‘बिबसी’.

नवे आवाज तसे थोडेच. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर आपण वाफ सोडतो, तो घशातला ह. ही ‘हा’ आणि साधी ‘हा’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. घसा खाकरताना येतो तो ख़. आपल्या ‘खडू’तला ख तिथे चालत नाही. गुळण्या करताना येतो तो ग़. पडजिभेपाशी क म्हटला की क़. शेवटी ‘ऐन’: डॉक्टरांनी जीभ दाबून ‘आ’ करायला सांगितल्यावर घसा आवळतो, त्या आवळण्यातून काढायचा स्वर. तो दोन महिन्यांत आला तर नशीबवान समजा. मला पाच लागले.

साद, दाद, ता, ज़ा ही चार ‘जड’ अक्षरं जिभेचा मागचा भाग उचलून म्हणायची. त्यांच्या शेजारचा स्वरही जड होतो, आणि कानाला फरक पकडायचा तो तिथे. साध्या स ने ‘सैफ’ म्हणजे तलवार, जड साद ने उन्हाळा. साध्या त ने ‘तीन’ म्हणजे अंजीर, जड ता ने चिखल. क़ ने ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, साध्या क ने ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. प्रेमपत्र लिहिणाऱ्यांनी हे शेवटचं आधी शिकावं.

ह्रस्व-दीर्घ आपण कागदावर पाळतो, बोलताना सैल सोडतो. इथे ती सवय नडते. जड ता घेऊन ‘मतर’ म्हणजे पाऊस, ‘मतार’ म्हणजे विमानतळ. तसंच द्वित्त: ‘हमाम’ म्हणजे कबुतरं, ‘हम्माम’ म्हणजे स्नानगृह. हिंदीतही ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळेच. रोज अशा दहा जोड्या फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लाज वाटते, पण उपाय हाच.

हरकती

आपल्या लिपीत क लिहिला की त्यात अ असतोच. अरबीत ‘काफ’ म्हणजे नुसता क्. त्याच्या वर-खाली छोट्या खुणा येतात तेव्हा त्याला स्वर मिळतो: वर फतहा (अ), खाली कसरा (इ), वर छोट्या वावसारखी दम्मा (उ), आणि स्वर नाही हे दाखवणारं सुकून. अक्षर दुप्पट असेल तर शद्दा. या स्वरखुणांना अरबीत हरकत म्हणतात. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. व्यंजन हलतं ते स्वरामुळे. ‘माझी हरकत नाही’ म्हणताना मराठी माणूस दुसऱ्याच अर्थाने तोच शब्द वापरतो.

अडचण अशी की पाठ्यपुस्तकं आणि धर्मग्रंथ सोडले तर या हरकती कुणी लिहीत नाही. क-त-ब ही तीन अक्षरं नुसती आली तर ती ‘कतब’ (त्याने लिहिलं) असतील, ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) असतील किंवा ‘कुतुब’ (पुस्तकं). म्हणून पहिले सहा महिने हरकती असलेलंच वाचा, मोठ्याने वाचा. नंतर त्याच धड्याची हरकती खोडलेली प्रत करून वाचा. मी पांढऱ्या शाईने खोडून झेरॉक्स काढायचे. बिनहरकतीचं वाचता यायला लागतं ते शब्दांचे साचे ओळखीचे झाल्यावर, आणि तिथेच मराठी माणसाचं गुप्तधन निघतं.

घरातली पेटी उघडा

शेकडो वर्षं दरबार, महसूल आणि कोर्टकचेरीची भाषा फारसी होती आणि तिच्यातून अरबी शब्द मराठीत आले. ते इतके मुरले की शिवाजी महाराजांना त्यांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. तरीही तारीख, वकील, हिशेब, जिल्हा, तालुका, साबण हे टिकलेच. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. पेरणीची गोष्ट करणारा प्रत्येक शेतकरी अरबी ऋतूंची नावं घेतो.

ही पेटी वापरायच्या दोन किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली उच्चारांची. फारसीतून येताना काही आवाज बदलले. अरबी जड द चा ज झाला. रमदानचं रमजान, क़ादीचा काजी, हादिरचं हजर. आणि शब्दाच्या शेवटचा एक लपलेला त उघडा पडला. अरबीत स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी ‘ता मरबूता’ नावाचं अक्षर येतं. एरवी ते नुसतं ‘आ’सारखं वाचतात, पण पुढे दुसरं नाम जोडलं की त ऐकू येतो: मदीना म्हणजे शहर, पण पुणे शहर म्हणजे ‘मदीनतु बूना’. मराठीने तो त कायमचा ठेवला. आपली किंमत म्हणजे अरबी क़ीमा (खायचा खिमा वेगळा), मुदत म्हणजे मुद्दा (आपला मुद्दा दुसऱ्या घराण्यातला), इमारत म्हणजे इमारा, जमात म्हणजे जमाआ, हिकमत म्हणजे हिक्मा. त काढा, आ लावा. बऱ्याच वेळा अरबी शब्द हातात येतो, आणि तो स्त्रीलिंगी आहे हेही कळतं.

दुसरी किल्ली साच्यांची. अरबी शब्द साधारण तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो, आणि ठरलेल्या साच्यात स्वर ओतले की अर्थ बदलतो. या साच्याला अरबी व्याकरणात ‘वज़्न’ म्हणतात, आपलं वजनच. क-त-ब वरून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेलं, मकतब म्हणजे कचेरी, मकतबा म्हणजे ग्रंथालय. प्रत्येक पाठ्यपुस्तक हेच उदाहरण देतं. ते बाजूला ठेवा आणि मराठी घ्या.

‘मकतूब’च्या वजनावरचे आपले शब्द: मजकूर (उल्लेखलेला), मंजूर, मशहूर, महसूल, मजबूत. ‘कातिब’च्या वजनावरचे: मालिक म्हणजे आपला मालक, ज़ाहिर म्हणजे जाहीर, हादिर म्हणजे हजर, वारिस म्हणजे वारस. धंदेवाल्यांचं वजन तर मराठी आडनावांत भरलंय: सराफ, दलाल, अत्तार, शिवाय हमाल. अरबीत मधलं अक्षर दुप्पट आहे: सर्राफ, दल्लाल, अत्तार, हम्माल. एवढं कळलं की ख़ब्बाज़ म्हणजे पाव भाजणारा आणि नज्जार म्हणजे सुतार हे पुन्हा पाठ करावं लागत नाही. त्याच वजनाला शेवटी आ लावला की यंत्रं निघतात. बर्फ म्हणजे थल्ज, म्हणून फ्रीज ‘थल्लाजा’; नजरेवरून चष्मा ‘नज़्ज़ारा’. बँकेच्या एटीएमला ‘सर्राफ आली’, म्हणजे स्वयंचलित सराफ, म्हणतात हे कळलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने हसले होते.

अनेकवचनांचंही तसंच. अरबीत पुष्कळ अनेकवचनं शब्द आतून मोडून होतात आणि नवखे इथेच टेकीला येतात. पण ‘गरीब-गुरबा’ म्हणताना आपण काय म्हणतो? गरीब एकवचन, ग़ुरबा अनेकवचन. ‘अमीर-उमराव’ तसंच, अमीरचं उमरा. आणि हाल या शब्दाचं अनेकवचन अहवाल: अनेक परिस्थिती एकत्र बांधल्या की अहवाल.

या अहवालात आणखी एक गुपित आहे. काही धातूंच्या मधे ‘वाव’ असतो आणि तो रूपांत लपतो. ‘क़ाल’ म्हणजे तो म्हणाला. शब्दकोशात मात्र ते क़-व-ल खाली शोधावं लागतं. तो व कुठून आला? जनतेचा ‘कौल’ आठवा. तसाच हालमधला लपलेला व अहवालात बाहेर येतो. अशा ‘पोकळ’ धातूंच्या धड्याला आमच्या वर्गातून पाच जण गळाले. उस्तादांनी हे मराठीतून दाखवलं असतं तर कदाचित दोन राहिले असते.

म्हणून शब्दांच्या वहीत चार रकाने करा: अरबी शब्द हरकतींसह, धातू, अनेकवचन, आणि मराठीतला नातेवाईक असला तर तो. प्रत्येक रविवारी वर्तमानपत्रातले दहा संशयित शब्द घ्या आणि कोशात तपासा. सुरुवातीला तीन-चारच खरे निघतात, नंतर नेम बसतो.

पण नातेवाईकांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. परदेशात राहून ते बदललेत. अरबीत ग़रीब म्हणजे परका किंवा विचित्र, कफल्लक नव्हे. तक्रार म्हणजे पुनरावृत्ती (रोज तेच रडगाणं म्हणून तक्रार झाली असावी, असा माझा खासगी तर्क). तालीम म्हणजे शिक्षण, लाल मातीचा आखाडा नाही. हुज्जत म्हणजे पुरावा. खुलासा म्हणजे सारांश. दौला म्हणजे राज्य, शराब म्हणजे नुसतं पेय, रक़म म्हणजे आकडा. मज़बूत म्हणजे नेमकं, बरोबर. कैरोत ‘क़हवा मज़बूत’ मागितली तर कडक नाही, बेताच्या साखरेची कॉफी येते.

व्याकरण कुठल्या क्रमाने

वर्गाचा क्रम पुस्तकावर ठरतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मदिनेच्या विद्यापीठासाठी केलेली तीन भागांची पुस्तकं चालतात. ती लिहिणारे डॉ. व्ही. अब्दुर रहीम तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे. धडे छोटे, वाक्यं सोपी, पण रोजच्या संभाषणाला कमी. ती तशी आहेत हे धरून चाला.

पहिला टप्पा बिनक्रियापदाच्या वाक्यांचा. ‘अना तालिबा’: मी विद्यार्थिनी. ‘आहे’ची गरज नाही. ‘हा माझा भाऊ’ म्हणताना आपल्यालाही ती नसते. दुसरा टप्पा ‘अल्’चा, म्हणजे इंग्रजी ‘द’ (the) सारख्या शब्दाचा. ‘अल्-बैतु कबीर’ म्हणजे घर मोठं आहे. ‘अल्-बैतु-ल्-कबीर’ म्हणजे ते मोठं घर. एका अल् ने वाक्याचं पद होतं. मराठीत हा प्रकारच नाही, म्हणून यावर एक अख्खा आठवडा घालवा. निम्म्या अक्षरांपुढे अल् चा ल उच्चारत नाहीत, पुढचं अक्षरच दुप्पट होतं. १४ अक्षरांची ती यादी पाठ होत नसेल तर नावं आठवा: अब्दुल करीम, पण अब्दुर रहमान, बद्रुल नाही, बद्रुद्दीन.

तिसरा टप्पा दोन नामांच्या जोडीचा. ‘बाबु-ल्-बैत’ म्हणजे घराचा दरवाजा, क्रम आपल्या उलट. त्यानंतर भूतकाळ, मग वर्तमान. रूपं पाठ करताना ‘तो’पासून सुरुवात होते, शिवाय दोघांसाठी वेगळं द्विवचन. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘देवः देवौ देवाः’ची चाल अजून कानात असेल, तीच लावा. शेवटच्या विभक्ती-स्वरांची फार चिंता पहिल्या वर्षी करू नका. बोलताना अरब स्वतः त्या गाळतात.

तीन ते दहा या संख्या पुल्लिंगी नामाला स्त्रीलिंगी रूपात आणि स्त्रीलिंगी नामाला पुल्लिंगी रूपात लागतात. का, असं विचारू नका. ‘तीन पुस्तकं’ आणि ‘तीन गाड्या’ या दोन जोड्या पाठ करा: थलाथतु कुतुब, थलाथु सय्यारात. बाकीच्या त्यांच्या चालीवर.

आठवडा कसा लावायचा

वर्ग मंगळवार-गुरुवार असेल तर त्याच रात्री घरी जाताना फळ्यावरचं वहीत पुन्हा लिहा. लोकलमध्ये जागा मिळाली तर दहा मिनिटं पुरतात. उभ्याने असाल तर नुसतं डोळ्यांनी. बुधवारी, शुक्रवारी सकाळी चहाआधी वीस मिनिटं मोठ्याने वाचन. संध्याकाळी मेंदू दमलेला असतो, नवीन काही पाठ करायचं ते सकाळीच. शनिवारी काही नाही. रविवारी तासभर: श्रुतलेखन आणि शब्दांची वही. श्रुतलेखन घरातल्या कुणाला घालता येत नसेल तर स्वतःच वाचून रेकॉर्ड करा आणि दोन दिवसांनी ऐकून लिहा. ऐन आणि अलिफमधला गोंधळ त्यातच सापडतो.

दोन तास बुडाले की तिसऱ्याला जायची लाज वाटते, आणि गळती तिथूनच सुरू होते. बुडालेल्या तासाची वही त्याच रात्री फोटो काढून मागवा आणि धडा कळला नाही तरी जा. आम्ही सात जण उरलो त्यात हुशार दोनच होतो. बाकीचे नुसते येत राहिले.

ऐकण्यासाठी अल जझीराचं अरबी शिकवणारं संकेतस्थळ चांगलं आहे, पातळ्या लावलेल्या आहेत. बातम्या चौथ्या महिन्यापासून लावा, कळण्यासाठी नाही, शब्द कुठे तुटतात ते ऐकण्यासाठी. ‘रईस’, ‘वज़ीर’, ‘हुकूमा’ एवढं कानावर आलं तरी पुष्कळ. आखाती बोली हवी असेल तर ती आठव्या-नवव्या महिन्यात सुरू करा. तोवर ‘ख़लास’ आणि ‘बस’ तुम्हाला येतातच.

हान्स वेर यांचा अरबी-इंग्रजी शब्दकोश दुसऱ्या सहामाहीत घ्या, आधी नको. त्यातले शब्द धातूवार लावलेले आहेत. ‘मकतबा’ म खाली नाही, क-त-ब खाली मिळतो. धातू काढता येत नसेल तर तो जाडजूड कोश कपाटात धूळ खातो. विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून ही परीक्षा द्या: तहसील, मुकादम, इजाजत. तिघांचे धातू काढून तीन पानं दहा मिनिटांत सापडली तर पैसे घाला.